आपल्यापुरतं पाणी

"बाई, साहेबांचा फोन आहे. कानाला लावू, की तुमचे हातमोजे बाटतील?"

बोअरवाले मामा फोन धरून तिच्याशेजारी वाकले. ती चौथ्या विहिरीपाशी गुडघे टेकून बसली होती. विहीर म्हणायची एवढंच. जमिनीतून हातभर वर आलेली एक पांढरी नळी, नळीला झाकण, झाकणाला कुलूप. आत सोडलेल्या छोट्या पंपातून पाणी बारीक धारेने पिंपात पडत होतं. तिने दोन्ही हात हवेत धरले आणि मान पुढे केली.

"कोरी बाटली घाण आली," साहेब म्हणाले.

"कुठल्या दिवसाची?"

"मागच्या मंगळवारची. लॅबचे आकडे आत्ताच आले. बाकीच्या बाटल्यांत जेवढं अपेक्षित होतं तेवढं आहे. पण कोरीतसुद्धा तेच कारखान्याचं द्रावण. तसं थोडं आहे, पण पिण्याच्या पाण्याला चालतं त्याच्या चौपट."

"कोरीत कसं येईल, साहेब?"

"तेच मी तुम्हाला विचारतोय. काम आटोपलं की केबिनमध्ये या."

मामांनी फोन बंद केला. त्यांना सगळं ऐकू गेलं होतं.

"काय? कोरी बाटली बाटली?" ते म्हणाले आणि आपल्याच विनोदावर मनापासून हसले. "आणि तीही सोवळ्यातल्या बाईंच्या हातून! आता आम्ही कुणाच्या तोंडाकडे बघायचं?"

एरवी तिने त्यांना सोडलं नसतं. आज ती पिंपात पडणाऱ्या धारेकडे बघत राहिली.

सोवळ्यातल्या बाई हे नाव मामांनीच पाडलं होतं. नमुने घ्यायच्या दिवशी ती अंगाला अत्तर लावत नसे, हाताला क्रीम लावत नसे, पेट्रोलचा वास नको म्हणून साइटवर चालत येई. बाटल्यांच्या खोक्याला कुणी हात लावलेला तिला खपत नसे. आणि या सगळ्याचा दाखला म्हणजे कोरी बाटली. विहिरींच्या बाटल्या भरताना साइटवरच लॅबने दिलेलं शुद्ध पाणी एका बाटलीत भरायचं, तिलाही तसाच नंबर द्यायचा आणि तीही त्याच बर्फाच्या पेटीतून पाठवायची. लॅबला कळत नाही यातली कोरी कुठली. तिच्यात काही सापडलं नाही, तरच म्हणायचं की बाकीच्यांत जे सापडलं ते जमिनीतलं. माणसाच्या हाताचं नाही, गाडीच्या धुराचं नाही. अकरा वर्षं तिची कोरी बाटली कोरीच येत होती.

फक्त मागच्या मंगळवारी तिच्यात लॅबचं पाणी नव्हतं.

सोमवारी संध्याकाळी लॅबकडून पाण्याचा कॅन घेऊन ती थेट घरी गेली होती. सकाळी बघते तर कॅन रिकामा, आणि न्हाणीघरात तिच्या लेकीची, ठकीची, बाहुली डोक्यापासून पायापर्यंत ओली.

"तूच म्हणालीस ना, हे सगळ्यात स्वच्छ पाणी असतं," ठकी म्हणाली होती. चार वर्षांच्या त्या चेहऱ्यावर अपराधाचा लवलेश नव्हता. "तिला ताप होता म्हणून दिलं."

सात वाजले होते. लॅब उघडणार दहाला, साइटवर लोक जमणार आठला. तिने स्वयंपाकघरातल्या फिल्टरचं पाणी कॅनमध्ये भरलं आणि निघाली. नितळ पाणी, आपण पितो ते. लॅबला काय सापडणार आहे त्यात? अकरा वर्षांत एकदा. तेवढ्या एका गोष्टीची तिला खात्री होती, की यात काही सापडणार नाही.

तिने मान वर केली. कारखान्याची पडकी भिंत, तिच्यापलीकडे चढाची गल्ली, मग आणखी दोन गल्ल्या, आणि छपरांच्या वर तिच्या बिल्डिंगची निळी टाकी.

"मामा, पाणी उताराकडेच जातं ना?"

"वरचं जातं." मामांनी तंबाखू दाढेखाली सरकवला. "खालचं पाणी उतार नाही बघत, बाई. ते भेग बघतं. खडकात भेग सापडली की चढावरच्या घरीपण पाहुणं म्हणून जातं. का हो?"

"काही नाही."

*

साहेबांच्या केबिनमध्ये भिंतभर नकाशा होता. इथे तीस वर्षं बिजागऱ्यांचा कारखाना होता. बिजागऱ्यांवरचं तेल काढायला एक द्रावण वापरत, आणि वापरून झालं की मागच्या खड्ड्यात ओतत. कारखाना बंद पडला, यंत्रं भंगारात गेली, द्रावण मात्र जमिनीत राहिलं. आता इथे राहण्याच्या इमारती होणार होत्या. त्याआधी घाण कुठवर गेलीय ते शोधायचं, माती उपसायची, पाणी काढून धुवायचं. नकाशावर साहेबांनी निळ्या शाईने बाण काढले होते. सगळे बाण खाली ओढ्याकडे जात होते. दहा महिन्यांची मेहनत होती त्या बाणांत. तिच्या गल्लीकडे एकही बाण नव्हता, म्हणून तिकडे एकही विहीर खणलेली नव्हती.

"बसा," साहेब म्हणाले. "चहा घेणार? नाही? बरं. हे बघा, मी तुम्हाला ओळखतो. तुमच्या हाताचा दोष असेल असं मला वाटत नाही. झाकण सैल असणार. पेटीत दुसऱ्या बाटलीचा वास लागला असणार. तसं शेऱ्यात लिहा, 'झाकण सदोष.' मंगळवारचे नमुने रद्द करू, पुन्हा घेऊ. शुक्रवारपर्यंत कागद द्या. संपलं."

त्यांनी हातबदलाचा कागद तिच्यापुढे सरकवला. बाटली ज्याच्या ज्याच्या हातून जाते त्याची सही या कागदावर असते. पहिली सही तिची होती. शेऱ्याचा रकाना रिकामा होता.

"साहेब, ते पाणी…"

"अहो, अकरा वर्षांत एकदा! माणूस आहात की नाही?" साहेब हसले. "माझ्या तर दर वर्षी दोन घाण यायच्या. मला कोण सोवळं म्हणत नव्हतं."

माणूस ओरडला असता तर ती बोलली असती. या मायेपुढे तिने वाक्य तिथेच सोडून दिलं. लॅबच्या पाण्याऐवजी घरचं पाणी भरलं, म्हणजे निष्काळजीपणा नव्हे, खोटी साक्ष. अशा माणसाला कुठलीच कंपनी पुन्हा बाटलीला हात लावू देत नाही. तिने कागदाची घडी घातली आणि पिशवीत ठेवली.

*

दार उघडलं तेव्हा सासूबाई ठकीला पाणी पाजत होत्या.

"हळू गं, ठसका लागेल. घोट घोट घे. बघ, आई आली."

तिने चप्पल काढायच्या आत पेला ठकीच्या हातातून काढून घेतला.

"अगं?" सासूबाई म्हणाल्या.

"माशी होती, आई."

"माशी?" सासूबाईंनी पेल्यात बघितलं. "मला बाई कुठे दिसली नाही."

बिल्डिंगमध्ये आठ बिऱ्हाडं. सरकारी पाणी आठवड्यातून दोनदा, तेही करंगळीएवढं. सगळी भिस्त अंगणातल्या बोअरवर. तो बोअर तिच्या सासऱ्यांनी मारून घेतला होता. लोक हसत होते, खडकात पाणी कुठलं म्हणत होते. तीनशे फुटांवर पाणी लागलं तेव्हा त्यांनी ओंजळीने पहिल्यांदा सासूबाईंना पाजलं, ही गोष्ट या घरात येणाऱ्या प्रत्येकाला ऐकावी लागे. "आपलं पाणी गोड," असं सांगून सासूबाई ती संपवत.

गोड. त्या द्रावणाचा वासही गोडसर असतो. एवढ्या थोड्या प्रमाणात जिभेला कळत नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं. तरी न्हाणीघरात जाऊन, दार लावून, तिने नळाचं पाणी ओंजळीत घेऊन हुंगलं. पुन्हा हुंगलं. पाण्याला पाण्याचा वास होता.

चार वर्षं ती ठकीचं पाणी उकळून देत होती. उकळलं की हे द्रावण पाण्यातून निघून जातं. जातं म्हणजे कुठे? वाफेबरोबर हवेत. आणि त्या एवढ्याशा स्वयंपाकघरात, खिडकी लावून, ती पोरीला कडेवर घेऊन पाणी उकळेपर्यंत उभी असायची.

नवरा आला. चहा झाल्यावर तिने स्वयंपाकघराचं दार लोटलं आणि त्याला सगळं सांगितलं. तो बस आगारात हजेरीचं काम करायचा. कुठलीही गोष्ट आधी मनात दोनदा मोजून बघायची सवय होती त्याला.

"नक्की आपलंच पाणी?"

"दुसरं पाणी नव्हतंच त्यात."

"मग बोललीस तर तुझं काम गेलं."

"हो."

"आणि बिल्डिंग आपल्याला फाडून खाईल. पाणी नाही, घर विकायचं तर कोणी घेणार नाही. वर आईला काय सांगायचं? बाबांनी विष काढलं म्हणून?"

तिने कप विसळायला घेतले आणि तसेच खाली ठेवले.

"आणि नाही बोललीस तर…" तो खिडकीबाहेर बघत म्हणाला, "तर आपण बाहेरचं पाणी आणू. कॅन आणू रोज. गुपचूप. आपल्यापुरतं."

तो वाईट माणूस नव्हता. पोरगी झोपेत खोकली तरी उठून बसायचा. "आपल्यापुरतं" हा शब्द त्याने इतका हळू उच्चारला की तिला तो त्या क्षणी मऊ वाटला, पांघरुणासारखा. तिने मान हलवली.

*

दुसऱ्या दिवसापासून कॅन येऊ लागला. ऑफिसातून मिळतो, असं तिने सांगितलं. ठकीचं दूध त्याच पाण्यात, ठकीचं जेवण त्याच पाण्यात. सासूबाईंच्या पेल्यातही ती कॅनचंच पाणी ओतून ठेवी. सासूबाई एक घोट घेऊन पेला खाली ठेवत, "हे कसलं मेलं बेचव," म्हणत आणि फिल्टरखाली दुसरा भरून घेत.

पाणी किती जागी असतं हे तिला त्या दिवसांत कळलं. दात घासताना, भाजी धुताना, फरशी पुसताना, ठकीच्या अंघोळीत. ठकी अंघोळीचं पाणी ओंजळीत घेऊन गुळण्या करायची आणि ती "थुंक! थुंक आधी!" म्हणून ओरडायची. एकदा इतकी ओरडली की पोर दाराला पाठ लावून, ओल्या अंगाने, घाबरून उभी राहिली. मग दोघीही रडल्या. एकीला कारण माहीत नव्हतं आणि दुसरीला सांगता येत नव्हतं.

साइटवर कामात जीव रमत नव्हता, घरी येववत नव्हतं. दोन्हीच्या मधली चढाची गल्ली तेवढी तिची राहिली होती, आणि तिथेही पायाखाली तीनशे फूट काय वाहतंय ते तिला दिसत होतं.

तिसऱ्या दिवशी कॅन वर नेताना जिन्यात खालची भेटली. पहिल्या मजल्यावरची सून, सातवा महिना. एका हाताने कंबर धरून, दुसऱ्या हातात पाण्याची मोठी बाटली.

"ताई, तुम्हीपण पाणीच वाहताय का?" ती हसली. "मला डॉक्टरांनी सांगितलंय, दिवसाला तीन लिटर. तुमच्या सासूबाई तर येता-जाता विचारतात, प्यायलीस का, प्यायलीस का. पोटात तळं झालंय नुसतं."

"एवढं… एवढं नको पिऊ."

"अहो, कमी पडलं तर बाळाभोवतीचं पाणी कमी होतं म्हणे." तिने बाटली वर करून दाखवली, जवळजवळ रिकामी होती. "ही दुसरी."

ती वर आली. कॅन ओट्यावर ठेवला आणि त्याला टेकून उभी राहिली.

चौथ्या दिवशी, गुरुवारी, ती कामावरून आली तर घर गप्प. ठकी कोपऱ्यात बाहुलीशी खेळत होती. सासूबाई खुर्चीत ताठ बसल्या होत्या.

"ठकीने मघाशी काय विचारलं माहितीय?" त्या म्हणाल्या. "म्हणाली, आजी, आपलं पाणी आणि तुझं पाणी वेगळं का? मी तुझं प्यायले तर आई रागावते."

"आई, तसं नाही…"

"अगं, सुनांनी चूल वेगळी केलेली ऐकली होती. मांडलीही असेल कुणीकुणी, घरोघरी मातीच्या चुली. पण पाणी वेगळं केलेलं पहिल्यांदा बघते मी. काय झालंय माझ्या पाण्याला? माझा हात लागतो म्हणून?"

"तुमचा हात नाही, आई."

"मग?"

ती त्यांच्या पायाशी खाली बसली आणि बोलली. कोरी बाटली, बाहुलीची अंघोळ, बिजागऱ्या, खड्डा, भेग. बोलताना तिच्या लक्षात आलं की हे सगळं ती पहिल्यांदाच एका दमात सांगतेय. संपल्यावर सासूबाई आपल्या हाताच्या नखांकडे बघत होत्या.

"ह्यांनी शेवटी तेच मागितलं होतं," त्या म्हणाल्या. "दवाखान्यातलं नको, घरचं आण म्हणाले. बाटलीत भरून नेलं होतं मी."



मग सासूबाईंनी मान वर केली.

"खाली सांगितलंस?"

"अं?"

"खालच्या पोरीला. मी तिला रोज पाजतेय, गाईला पाजावं तसं. तिला सांगितलंस की नाही?"

"नाही."

"उठ," सासूबाई म्हणाल्या.

खालचं दार खालचीनेच उघडलं. तिने सगळं ऐकून घेतलं. हातातली बाटली हळूच शेजारच्या स्टुलावर ठेवली, जणू जोरात ठेवली तर फुटेल.

"कधी कळलं तुम्हाला?"

"सोमवारी."

खालचीने बोटांवर मोजलं. सोमवार, मंगळवार, बुधवार, गुरुवार. "काल जिन्यात भेटलो तेव्हा तुमच्या हातात कॅन होता," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता. "तो यासाठी होता."

"हो."

दार बंद झालं. आपटलं नाही, नुसतं बंद झालं.

*

शुक्रवारी तिने कागद साहेबांच्या टेबलावर ठेवला. शेऱ्याच्या रकान्यात जागा दोन ओळींची होती. तिने बारीक अक्षरात पाच ओळी लिहिल्या होत्या. लॅबचं पाणी नव्हतं. घरच्या फिल्टरचं होतं. बिल्डिंगचा पत्ता. बोअरची खोली. खाली सही.

साहेबांनी वाचलं. चष्मा काढला. मग नकाशाकडे बघितलं, तिच्या गल्लीकडे, जिथे एकही बाण नव्हता.

"हे मी वाचलं नाही असं समजू का?" ते म्हणाले. "आपण तिकडे दुसऱ्या निमित्ताने एखादी विहीर खणू. दोन-तीन महिन्यांत मंजुरी मिळेल. तुमचं नावही येणार नाही."

"तीन महिने लोक पाणी पिणार, साहेब."

"कळतंय मला. पण हे पुढे पाठवलं की तुम्ही पुन्हा फिल्डवर नाही. माझ्या हातात राहणार नाही ते."

"वाचा तुम्ही," ती म्हणाली. "वाचलं असं समजा."

साहेबांनी पेन उचललं आणि तिच्या सहीखाली आपली सही केली. मग खुर्ची फिरवून ते नकाशाकडे तोंड करून बसले. ती बाहेर आली तेव्हा मामा पाइप मोजत होते. त्यांनी तिच्याकडे बघितलं आणि पाइप पुन्हा पहिल्यापासून मोजायला घेतले.

*

सोमवारी बिल्डिंगच्या अंगणात दुसऱ्या कंपनीचा माणूस आला. निळे हातमोजे, बर्फाची पेटी. आठही बिऱ्हाडं जिन्यात आणि गॅलरीत उभी होती. तिच्याशी कोणी बोलत नव्हतं. कोणीतरी वरच्या मजल्यावरून मोठ्याने म्हणालं, "यांच्याच कंपनीने सगळीकडे भोकं पाडली, म्हणून घाण खाली गेली असेल." खालची आपल्या दारात होती. तिच्या नवऱ्याने सामानाची एक बॅग बाहेर आणून ठेवली होती. ती माहेरी निघाली होती. बाकीच्यांना कुठे जायला नव्हतं.

"मॅडम, तुम्ही जरा लांब उभ्या राहा," तो माणूस तिला म्हणाला. "तुमचा हात नको."

ती भिंतीपाशी गेली आणि हात पाठीमागे बांधून उभी राहिली. अकरा वर्षांत पहिल्यांदाच ती नमुना घेताना नुसती बघत होती.

त्याने बोअरचा नळ सोडला. "वीस मिनिटं वाहू द्यायचं," तो म्हणाला. "मग खालचं ताजं पाणी येतं."

पाणी जोरात आलं. स्वच्छ, थंड, काचेसारखं. फरशीवर पडून उडू लागलं. सासूबाई जिन्यातून उतरल्या, कुणाला कळायच्या आत त्यांनी कोपऱ्यातली बादली ओढून धारेखाली सरकवली. इतक्या वर्षांचा हात, तो आपोआप गेला. बादली अर्धी भरली तेव्हा त्या थांबल्या. पाण्याकडे बघत राहिल्या. मग त्यांनी बादली बाजूला घेतली आणि मोरीच्या तोंडाशी नेऊन, वाकून, हळूहळू तिरकी केली.

त्यांना वर जा म्हणायला ती पुढे होणार होती. पण सासूबाईंनी वॉचमनचं स्टूल ओढून घेतलं आणि त्या धारेशेजारी बसल्या. पाणी पायांवर उडत होतं, तरी त्यांनी पाय मागे घेतले नाहीत. आजारी माणसाच्या उशाशी बसतात तसं त्या वीसही मिनिटं बसून राहिल्या.

माणसाने बाटल्या भरल्या, झाकणं लावली, पेटीत ठेवल्या. नळाकडे हात नेला.

"थांबा," सासूबाई म्हणाल्या.

गुडघ्यावर हात टेकून त्या उठल्या आणि त्यांनी नळ स्वतः बंद केला. धार थांबली. मग त्यांनी चावी दोन्ही हातांनी धरून आणखी एकदा आवळली.